न जुळणारी बेरीज

नाशिककर एकमेकांना विचारतात, "काय, आज गोल्फ क्लबवर दिसला नाहीत?" या प्रश्नाचा गोल्फशी काडीचाही संबंध नसतो. गोल्फ क्लब मैदान म्हणजे आमच्याकडे सकाळचे फिरणे, निवृत्तांच्या गप्पा आणि क्रिकेट. रणजी सामनेही इथे झाले आहेत. मैदानाचे खरे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा तो कोवळा मुलगा. पाटीवर नाव त्याचे, आणि लोकांच्या तोंडी मात्र साहेबाच्या खेळाचे! असे गमतीदार तह आमच्या गावाने पुष्कळ केले आहेत.

या मैदानाला मी वर्षानुवर्षे फेऱ्या मारल्या, पण गोल्फची काठी हाती धरली ती पासष्टाव्या वर्षी. मुलाची बदली परदेशी झाली आणि जाताना त्याने आपला गोल्फचा जुना संच आमच्या माळ्यावर आणून टाकला. सौ. म्हणाल्या, "एक तर विका, नाही तर वापरा. अडगळ नको." विकायला जीव होईना. शेवटी शहराबाहेरच्या एका मैदानावर शिकवणी लावली. माझा गुरू पंचविशीतला. लहानपणी दुसऱ्यांच्या काठ्या वाहून हा खेळ शिकलेला. तो मला 'काका' म्हणतो आणि माझी चूक दिसली की आकाशाकडे बघतो.

पहिले तीन दिवस माझी काठी चेंडू सोडून बाकी सगळ्याला लागली. चौथ्या दिवशी मात्र एक चेंडू असा लागला की हातांना काही जाणवलेच नाही. टक् असा आवाज झाला आणि तो उंच, सरळ, संथपणे निघून गेला. घरी येऊन मी सौ.ना सांगितले, "जमले बुवा." दुसऱ्या दिवशी पन्नास चेंडूंपैकी एकही धड गेला नाही.

आता मी पडलो बँकेतला माणूस. छत्तीस वर्षे आकड्यांत गेली. साहजिकच वही घातली. रोज पन्नास चेंडू मारायचे आणि त्यांतले चांगले किती ते लिहायचे. सोमवारी १९, मंगळवारी ४, बुधवारी २२, गुरुवारी ७. हे काय गौडबंगाल? काठी तीच, चेंडू तेच, माणूसही तोच!

ज्यांनी संगणकापूर्वीची बँक पाहिली आहे, त्यांना माझी तगमग कळेल. लेजरची बेरीज एका रुपयाने जुळली नाही, तरी फरक सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे. फरकाला नऊने भाग जात असेल, तर कोणीतरी ४५ चे ५४ लिहिले असावेत, असा संशय घ्यायचा. दोनाने भाग जात असेल, तर जमेची रक्कम नावे पडली आहे का, ते पाहायचे. प्रत्येक फरकाला कारण असते आणि शोधले की ते सापडते, हा आमचा धर्म. तोच धर्म मी मैदानावर लावला. मंगळवारी ४ च का? चहा जास्त झाला? झोप कमी? बूट? वारा? रोज नवे कारण आणि रोज नवा उपाय. आकडे आणखी बिघडले. एके दिवशी गुरू कळवळून म्हणाला, "काका, तुम्ही चेंडू मारत नाही, त्याची चौकशी करता!"

मग सवयीप्रमाणे पुस्तके काढून बसलो. पहिली गोष्ट कळली ती हिशेबाची. चेंडू जाताना एका अंशाने चुकला, तर दोनशे मीटरवर तो साडेतीन मीटर बाजूला पडतो. आणि वर नेलेली काठी खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात चूक ओळखून हात सुधारणे मेंदूला जमण्यासारखे नाही. म्हणजे दुरुस्तीची नोंद करायला इथे सवडच नाही.

दुसरी गोष्ट रशियाची. निकोलाय बर्नस्टाइन या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात मुरलेल्या कामगारांचे हातोड्याचे घाव चित्रित करून तपासले. हातोडा दर वेळी नेमका पडत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट यांची वाट मात्र प्रत्येक घावाला थोडी वेगळी होती. हे वाचताना मला लहानपणी जुन्या नाशकात तांब्याची भांडी मठारताना पाहिलेले तांबट आठवले. त्यांचा एकेक ठोका म्हणजे आधीच्या ठोक्याची नक्कल, असे मी समजत होतो. तसे नव्हते. ते दर ठोक्याला नव्याने जमवून घेत होते. कसब म्हणजे न बदलणे, ही माझी समजूतच चुकीची होती. कसब म्हणजे बदलातून जमवून घेणे.

तिसरी गोष्ट आणखी गमतीची. शे आणि मॉर्गन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७९ साली हाताच्या हालचाली शिकवण्याचा एक प्रयोग केला. एका गटाने एकच हालचाल घोटून मग दुसरी घेतली, तर दुसऱ्या गटाने साऱ्या हालचाली सरमिसळ केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी परीक्षा घेतली, तेव्हा सरमिसळवाले पुढे! म्हणजे शिकताना जे वाईट दिसते, ते शिकणे वाईट चालले असल्याचा पुरावा नव्हे.

आणि निष्णातांचे तरी काय? आठ फुटांवरून चेंडू भोकात ढकलायचा, तर जगातले उत्तम व्यावसायिक खेळाडूही निम्म्याच वेळा यशस्वी होतात. रोरी मॅकिलरॉय २०११ च्या मास्टर्स स्पर्धेत तीन दिवस पुढे होता. चौथ्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घेऊन उतरला आणि ८० फटक्यांत कोसळला. दोनच महिन्यांनी त्याने अमेरिकन ओपन आठ फटक्यांनी जिंकली. ती मास्टर्स जिंकायला मात्र २०२५ साल उजाडले.

पण माझी झोप उडवली ती खेळाच्या एका साध्या नियमाने. गोल्फमध्ये खेळाडूची पत ठरवायला 'हँडिकॅप' नावाचा आकडा असतो. २०२० पासून जगभर त्याची एकच पद्धत आहे. शेवटच्या वीस फेऱ्या घ्यायच्या, त्यांतल्या उत्तम आठ निवडायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. उरलेल्या बारा सोडून द्यायच्या. माणूस रोज सारखा खेळणार नाही, हे या खेळाने मुळातच धरून ठेवले आहे. वाईट दिवस त्याच्या नावे मांडलेच जात नाहीत.

हे वाचले आणि मला एक नाव आठवले. ते इथे लिहीत नाही.

साल १९९२. निफाड तालुक्यातल्या एका शाखेत मी मॅनेजर होतो. माझ्या हाताखाली एक कारकून होते. हात सुरेख, आकडेमोड विजेसारखी. त्यांनी घातलेली बेरीज तपासावी लागत नसे. पण महिन्यातून तीन-चार दिवस असे यायचे की व्हाउचर इकडचे तिकडे, खाती उलटी आणि आम्ही सगळे रात्री नऊपर्यंत फरक शोधत बसलेलो. ते मान खाली घालून उभे असत. मी कधीही विचारले नाही की काय झाले. वर्षअखेरीस त्यांच्या गोपनीय अहवालात एक ओळ लिहिली: कामात सातत्य नाही, भरवशाचे नाहीत. त्या वर्षी त्यांचे ऑफिसर होणे राहिले. पुढेही ते झाले नाहीत. माझी मात्र बदली झाली, बढती झाली आणि सगळे विसरून मी कादंबऱ्या लिहू लागलो. कादंबरीतल्या माणसांना मी किती समजून घेतले म्हणून वाचक पत्रे लिहीत!

वीसांतले वाईट चार दिवस तेवढे मोजून मी एका माणसाचा हँडिकॅप काढला होता.

मागच्या महिन्यात पत्ता काढून त्यांच्याकडे गेलो. ओझरजवळ लहानसे घर, अंगणात जास्वंद. त्यांनी ओळखले, "साहेब" म्हणत उठून उभे राहिले. मला ओशाळल्यासारखे झाले. चहा झाला, नातवंडांच्या गोष्टी झाल्या. शेवटी मी सगळे सांगून टाकले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "तेव्हा मोठ्या मुलीला फिट्स यायच्या. रात्र रात्र जागून सकाळची बस धरायचो."

"मग सांगितले का नाही तुम्ही?"

"तुम्ही विचारलं नाहीत, साहेब."

आवाजात राग नव्हता. म्हणूनच तो शब्द अजून उतरत नाही. निघताना फाटकापर्यंत आले आणि हसून म्हणाले, "माझ्या चांगल्या दिवसांचीही कुठे नोंद झाली असती, तर बरं झालं असतं."

वाचकहो, पासष्टीनंतर खेळ शिकून कोणी मोठा खेळाडू होत नाही. मीही होणार नाही. पण घरात, कचेरीत, शाळेत आपण सगळेच कोणाचा ना कोणाचा अहवाल लिहीत असतो. परीक्षेत एकदा घसरलेला मुलगा, आमटी खारट झालेली सून, विसरायला लागलेले वडील. निदान वीस दिवस तरी पाहावेत आणि वाईट दिवशी आधी विचारावे, मग लिहावे. मला हे कळायला तेहेतीस वर्षे आणि मुलाची जुनी काठी लागली.

वही अजून चालू आहे. आज पन्नासपैकी ११. कालच्यापेक्षा आठ कमी. फरक शोधला नाही. गुरू म्हणाला, "काका, उद्या या." वही मिटली, काठ्या गाडीत टाकल्या आणि सौ.ना घेऊन मिसळ खायला गेलो.