धांदरट की आणखी काही?

शाळेच्या दाखल्यावर माझे नाव वेगळे आहे आणि घरातले रोजचे नाव वेगळे. रोजचे नाव ‘धांदरट’. दूध उतू गेले की धांदरट, एस. टी. चुकली की धांदरट. मागल्या सत्रात परीक्षेचा अर्ज भरायची मुदत टळली आणि विलंब शुल्क भरावे लागले, तेव्हा मात्र वडील काहीच बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. ते शुल्क त्यांच्या एका दिवसाच्या हमालीपेक्षा जास्त होते. मंगळवेढ्याकडच्या आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा माझ्या धांदरटपणाची किंमत आता एकटी मी देत नाही.

यंदा मानसशास्त्राच्या तासाला मॅडमनी ‘अवधान’ हे प्रकरण शिकवले. तास संपता संपता त्या सहज म्हणाल्या, की काही माणसांना लक्ष टिकवणे लहानपणापासूनच अवघड जाते, त्या अवस्थेला ‘ए. डी. एच. डी.’ म्हणतात आणि ती पुष्कळदा मोठेपणीही राहते. त्या तासाला माझे लक्ष होते, हेच एक नवल!

घरी येऊन मोबाइलवर शोधले. तिथल्या मिनिटभराच्या चित्रफिती पाहिल्या, तर सगळ्या जगालाच हा विकार जडला आहे असे वाटू लागते. किल्ली हरवते? मग तुम्हाला आहे. पुस्तक अर्धे राहते? आहेच. इतके सोपे निदान ऐकून मला उलट शंका आली. म्हणून नीट वाचायला बसले. जे कळले ते वाचक मित्रमैत्रिणींपुढे ठेवते, कारण हा प्रश्न माझ्या एकटीचा नसावा.

१९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. बुद्धी ठीक, पण मन आवरत नाही आणि टिकत नाही, अशी ही मुले. स्टिल यांनी हा दोष नैतिक संयमाचा मानला. म्हणजे डॉक्टरांनीही आधी मुलाच्या स्वभावालाच धरले. पुढे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली त्याला अवधानाच्या कमतरतेचा विकार असे नाव दिले आणि १९८७ साली त्यात अतिचंचलता जोडली. बराच काळ समज असा, की मूल मोठे झाले की हे आपोआप जाते. तो समज टिकला नाही. मुलींचे निदान बहुधा उशिरा होते, हेही वाचले. वर्गात बाकावरून उड्या मारणारा मुलगा गुरुजींच्या डोळ्यांत भरतो. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी गुणी समजली जाते. मी फार गुणी मुलगी होते.

आता निदान कसे होते ते पाहू. रक्त तपासून किंवा मेंदूचे छायाचित्र काढून ते होत नाही. डॉक्टर बोलतात, विचारतात, घरच्यांकडून ऐकतात. याच संघटनेच्या २०१३ च्या निकषांप्रमाणे अवधानाची नऊ आणि चंचलतेची नऊ अशी लक्षणे आहेत. सतरा वर्षांपुढील व्यक्तीत यांपैकी एका गटातली निदान पाच लक्षणे सहा महिने तरी असावी लागतात. एवढ्यावर भागत नाही. त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसलेली हवीत, एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेतही, दिसायला हवीत, त्यांनी कामात खरोखर अडथळा आणलेला असावा, आणि दुसऱ्या कशाने त्यांचा उलगडा होत नसावा. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची एक चाचणी आहे. ती मी सोडवली. पण तिचे उत्तर एवढेच सांगते, की डॉक्टरांना भेटणे बरे. ते निदान नव्हे.

यातली ‘दुसऱ्या कशाने’ ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अपुरी झोप, थायरॉइड, चिंता, खिन्नता, अंगात रक्त कमी असणे, यांतल्या कशानेही लक्ष उडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. मी पहाटे पाचला उठून भाकऱ्या थापते, सातची गाडी धरते आणि रात्री अकरापर्यंत जागते. डॉक्टरांनी गोळ्या न देता मला झोपायला सांगितले, तर त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

मग जायचेच कशाला? मैत्रीण म्हणाली, “कागदावर आलं तर लग्नाच्या वेळी निघेल.” ही भीती खोटी नाही, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, गावाला कळलेच, तर ते बहुधा आमच्याच तोंडून कळेल. परीक्षेत जास्त वेळ मिळेल म्हणून जावे, तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांत या अवस्थेचे स्वतंत्र नाव नाही. औषधे आहेत, मिथाइलफेनिडेट हे त्यांतले प्रमुख. ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, चिठ्ठीवाचून मिळत नाही, आणि ते घेताना भूक, झोप, रक्तदाब यांवर लक्ष ठेवावे लागते. आपल्या मनाने घ्यायची ही वस्तू नव्हे.

मला हवे आहे ते यांपैकी काहीच नाही. मी आळशी आहे की आणखी काही आहे, एवढेच मला कुणा जाणत्याने सांगायला हवे आहे. गेली कित्येक वर्षे ‘उद्यापासून नीट वागेन’ असे मी स्वतःला रोज बजावते. ते खोटे ठरले की रात्री स्वतःचाच फार राग येतो.

अडचण आली ती बाराव्या वर्षाआधीच्या पुराव्याची. आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या जागी दरवर्षी ‘ठीक’ एवढेच लिहिलेले. अखेर परवा चुलीपुढे आईला विचारले, “मी लहानपणी कशी होते गं?”

“कशी म्हंजे? शेळ्या घिऊन जायचीस आन् शेळ्या रानात सोडून यायचीस. दोनदा. तवा तू चौथीला हुतीस.”

मी वहीत लिहून घेतले. चौथी म्हणजे नऊ-दहा वर्षे. आई थोडा वेळ भाकरी भाजत राहिली आणि मग हळूच म्हणाली, “तुजा बाप बी असाच. त्याला कुनी दवाखान्यात न्हेलं न्हाई. मुकादमाच्या शिव्याच खाल्ल्या त्यानं.”

ही अवस्था घराण्यात उतरते, असे मी वाचले होते. वाचताना ओसरीवर बसलेल्या वडिलांचा विचार मात्र मनात आला नव्हता.

सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. शेवटचा पेपर झाला की येणाऱ्या सोमवारी जायचे ठरवले आहे. आई म्हणते, “मी येते संगं. येकली गेलीस, तर कुठं उतरायचं तेच इसरशील.”