ऑनलाइन दुकानाचं कुलूप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०१८ च्या ऑगस्टअखेरीस ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर तिकीट काढणाऱ्यांना सगळं जागच्या जागी दिसत होतं. पत्ता खरा, पान खरं, जोडणी सुरक्षित. तरीही कार्डाचे आकडे भरून बटण दाबलं, की त्यांची एक प्रत चोरांच्या सर्व्हरवर पोचत होती. पानावरच्या जावास्क्रिप्टच्या फायलीत कुणीतरी अवघ्या २२ ओळी घुसवल्या होत्या. चोरांनी माहिती गोळा करायला कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं डोमेन घेतलं होतं आणि त्यालाही रीतसर विकत घेतलेलं सर्टिफिकेट होतं. २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड ठोठावला.

'एसएसएल (म्हणजे जोडणी सुरक्षित करणारं सर्टिफिकेट) लावलं की दुकान सुरक्षित' हा ऑनलाइन दुकान थाटणाऱ्यांमधला सगळ्यात चिवट गैरसमज. सर्टिफिकेटमुळे दोनच गोष्टी साधतात. ग्राहकाचा ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधला मजकूर वाटेत कुणाला वाचता किंवा बदलता येत नाही, आणि समोरचा सर्व्हर त्याच डोमेनचा आहे याची खातरजमा होते. दुकानाच्या आत वर्षभर अपडेट न केलेलं प्लगइन आहे की ॲडमिनचा पासवर्ड कुणालाही ओळखता येण्यासारखा आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. लोक कुलपाच्या चिन्हाचा अर्थ 'दुकानदार भरवशाचा' असा घेतात हे दिसल्यावर क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं ते चिन्हच काढून टाकलं.

एसएसएल हे नावही आता फक्त बोलण्यात उरलं आहे, कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं. एसएसएलची शेवटची आवृत्ती २०१५ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाली. आज काम करतं ते त्याच्या जागी आलेलं टीएलएस, आणि त्याच्या १.२ व १.३ याच आवृत्त्या चालू ठेवायच्या असतात.

रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या पाठवणारा बागायतदार किंवा येवल्याचा पैठणीवाला विचारतो, "पैसे तर पेमेंट गेटवेच्या पानावर भरले जातात, मग माझ्या दुकानाला हे कशाला?" त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवता येत नाही. पण नाव, घरचा पत्ता, मोबाइल नंबर आणि पासवर्ड त्याच्याच पानांवर लिहिले जातात. शिवाय दुकानाचं पान उघड्या एचटीटीपीवर असेल, तर वाटेत बसलेला माणूस त्यातलं 'पैसे भरा' हे बटण बदलून ग्राहकाला नकली गेटवेकडे वळवू शकतो. खऱ्या गेटवेचं कुलूप तिथे काय करणार?

फक्त पैसे भरण्याचं पान झाकलं की पुरे, ही समजूत जुन्या सॉफ्टवेअरमधून आली. ओएसकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंगच्या फायलीत दुकानाचे दोन पत्ते लिहावे लागत, एक साधा आणि एक सुरक्षित. सर्टिफिकेटला पैसे पडत, प्रत्येकासाठी स्वतंत्र आयपी लागे, म्हणून काही होस्टिंगवाले सगळ्या गिऱ्हाइकांना मिळून एकच सर्टिफिकेट देत. मग खरेदीच्या शेवटच्या टप्प्यावर पत्ता दुकानाऐवजी होस्टिंग कंपनीचा होई, एका डोमेनची कुकी दुसऱ्याकडे जात नसे आणि भरलेली टोपली अचानक रिकामी दिसे. या अर्धवट झाकण्याचा धोका ऑक्टोबर २०१० मध्ये फायरशीपने दाखवून दिला. फायरफॉक्सला जोडायचा हा छोटा प्रोग्राम होता. कॅफेतल्या उघड्या वायफायवर बसून कुणीही शेजारच्याची कुकी उचलून त्याच्या खात्यात शिरू शकत होता, कारण लॉगिनचं पान झाकलेलं असलं तरी पुढची पानं उघडीच होती. म्हणून आज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं दुकान एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, लागतं. जुलै २०१८ पासून क्रोम प्रत्येक साध्या पानावर 'सुरक्षित नाही' असं लिहितो.

खर्चाचा बाऊ मात्र आता सोडून द्यावा. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा डिसेंबर २०१५ पासून सर्वांना फुकट सर्टिफिकेट देते आणि बऱ्याच होस्टिंगवर ते आपोआप लागतं. फुकटचं कुलूप कच्चं नसतं, एन्क्रिप्शन तेवढंच पक्कं असतं. महागड्या सर्टिफिकेटमध्ये कंपनीची कागदपत्रं तपासली जातात इतकाच फरक, आणि ते नाव पत्त्याच्या पट्टीत दाखवणं क्रोम व फायरफॉक्सने २०१९ मध्येच बंद केलं. स्वतंत्र आयपीचीही गरज उरलेली नाही. ब्राउझर जोडणीच्या सुरुवातीलाच डोमेनचं नाव सांगतो, त्यामुळे एकाच आयपीवरची शेकडो दुकानं आपापलं सर्टिफिकेट दाखवू शकतात.

खरी मेहनत पुढे आहे, आणि दुकानदार फसतो तो इथेच. वर्डप्रेसवर वूकॉमर्सचं दुकान असेल तर सेटिंगमधले दोन्ही पत्ते एचटीटीपीएसचे करायचे, जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना ३०१ संदेशाने कायमचं नव्याकडे वळवायचं. जुन्या फोटोंचे पत्ते डेटाबेसमध्ये तसेच राहिले, तर सुरक्षित पानात असुरक्षित तुकडे मिसळतात आणि ब्राउझर तक्रार करतो. ते बदलताना थेट शोधा-आणि-बदला करू नये. वर्डप्रेस बरीच सेटिंग्ज मजकुराच्या लांबीसकट साठवतं. एचटीटीपीचं एचटीटीपीएस झालं की एक अक्षर वाढतं, लांबी जुळत नाही आणि सेटिंग वाचताच येत नाही. हे सांभाळणारी खास साधनं आहेत, तीच वापरावीत.

ग्राहक आणि दुकानाचा सर्व्हर यांच्या मध्ये क्लाउडफ्लेअरची सेवा असेल, तर तिच्या 'फ्लेक्झिबल' पर्यायापासून सावध राहावं. त्यात ग्राहकापासून क्लाउडफ्लेअरपर्यंतचाच रस्ता झाकलेला असतो, तिथून दुकानाच्या सर्व्हरपर्यंतचा उघडा. दोन्ही टप्पे झाकून सर्व्हरचं सर्टिफिकेटही तपासणारा 'फुल स्ट्रिक्ट' पर्याय निवडावा.

गेटवेच्या खात्यात नोंदवलेला परतीचा पत्ता बदलायचा राहून गेला, की आणखी एक दुखणं सुरू होतं. पैसे कापले गेल्याचा निरोप गेटवे जुन्या पत्त्यावर पाठवतो, तिथून मिळालेलं वळण तो पाळेलच असं नाही, आणि पैसे जमा होऊनही ऑर्डर 'पेंडिंग' राहते. सर्टिफिकेटच्या साखळीतलं मधलं सर्टिफिकेट सर्व्हरवर चढवायचं राहिलं तरी हेच होतं. मालकाच्या लॅपटॉपवर दुकान नीट उघडतं, गेटवेचा सर्व्हर मात्र जोडणी नाकारतो.

शेवटचा मुद्दा मुदतीचा. डिसेंबर २०१८ मध्ये एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं एक सर्टिफिकेट संपलं आणि ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या लाखो ग्राहकांचं मोबाइल इंटरनेट बंद पडलं. सर्टिफिकेटची कमाल मुदत आता टप्प्याटप्प्याने उतरत आहे: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७. हाताने नूतनीकरण करणाऱ्याला हे झेपणारं नाही. आपोआप होणारं नूतनीकरणही अडतं, डोमेन दुसऱ्या सर्व्हरकडे वळवलं किंवा सुरक्षेच्या प्लगइनने पडताळणीची फाइल अडवली तर. म्हणून सर्टिफिकेटची मुदत संपण्याआधी पंधरा दिवसांचा फोनवर गजर लावून ठेवावा आणि त्या दिवशी नूतनीकरण झालं का ते तपासून, स्वतः एक ऑर्डर नोंदवून, पैसे भरून, ती 'पेंडिंग'वरून पुढे सरकते का ते पाहावं.