हॉटेलच्या खोलीत शिजवू नका, भिजवा

सहलीचं तिकीट आणि मुक्कामाचा खर्च निघण्यापूर्वीच ठरलेला असतो. हाताबाहेर जातो तो खाण्याचा. म्हणून काहीजण बॅगेत छोटी इंडक्शन शेगडी टाकतात, आणि तिथेच गणित चुकतं. खोलीतल्या साध्या सॉकेटची क्षमता 6 अँपिअर, म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम 1380 वॅट. शेगडी पूर्ण आचेवर 2000 वॅटपर्यंत ओढते. शिवाय फोडणीच्या धुराने अलार्म वाजायची भीती आणि बहुतेक ठिकाणी खोलीत स्वयंपाकाला मनाई. किटलीत खिचडी लावण्याची युक्तीही वाईटच. किटली वाफेच्या स्पर्शाने आपोआप बंद होते, ती पाण्यापुरतीच घडवलेली असते. डाळीचा फेस तोटीतून उतू जातो, तळ करपतो आणि पुढच्या पाहुण्याच्या चहाला हिंगाचा वास येतो.

मुळात शिजवण्याचा हट्टच कशाला? मराठी घरात शिजवण्या-भाजण्याचं काम आधीच उरकलेले जिन्नस पूर्वापार आहेत. पोहे होतात तेच मुळी भात भिजवून, भाजून, कांडून. मेतकूट, सातूचं पीठ, डाळं, सगळं भाजलेलं. त्यांना विस्तव नको, ओलावा हवा. पातळ पोह्यांवर दही, मेतकूट, मीठ आणि घरून आणलेले भाजके दाणे घातले की न्याहारी तयार. त्यात काकडी कोचवून घातली तर उत्तमच. गरम हवं असेल तर उपम्याचा रवा घरूनच करून न्यावा. तेलात मोहरी, हिंग, उडदाची डाळ, कढीपत्ता घालून रवा खमंग भाजायचा, मीठ-साखर घालून पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरायचा. कढीपत्ता कुरकुरीत व्हायलाच हवा, ओलसर राहिला तर रवा टिकत नाही. खोलीवर एक वाटी रव्याला दोन वाट्या उकळतं पाणी, वर घट्ट झाकण आणि दहा मिनिटं धीर. डबा आधी गरम पाण्याने विसळून घ्यावा, नाहीतर रवा कचकचीत लागतो.

यावर पहिला आक्षेप किटलीच्या स्वच्छतेचा, आणि तो रास्त आहे: पाणी एकदा उकळून ओतून द्यावं, किंवा स्वतःची किटली न्यावी. दुसरा आक्षेप असा, की गावोगावची चव घ्यायची नसेल तर फिरायचं कशाला? पण खोलीत उरकायची ती न्याहारी किंवा रात्रीचं हलकं खाणं. त्यात वाचलेल्या पैशांत दुपारी त्या गावची चांगली थाळी खाता येते. काही उत्साही मंडळी थर्मासमध्ये कडधान्यं शिजवू पाहतात. राजम्याच्या बाबतीत हे चक्क धोक्याचं आहे. कच्च्या राजम्यातला विषारी घटक नुसत्या गरम पाण्याने जात नाही, तो खळखळून उकळावाच लागतो.

परदेशी जाताना स्वतःची किटली नेण्याआधी तिथला वीजदाब पाहावा. जपानमध्ये तो 100 व्होल्ट असल्याने आपली 1500 वॅटची किटली तिथे तीनशे वॅटही देत नाही, चहाचं पाणी तापेतो बाहेर पडायची वेळ होते. आणि दुबईला निघाला असाल तर मसाल्यात किंवा चटणीत खसखस नाही ना, हे तपासा. तिथे तिच्यावर बंदी आहे.