बोरगावचा पत्ता आणि डब्यातला डबा

माझं गाव बोरगाव. शाळेच्या वहीवर मी लिहायचो : बोरगाव, तहसील सौंसर, जिल्हा छिंदवाडा. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. गाव जागच्या जागी राहिलं, वरचं नाव बदललं. त्याच सुमारास ऑफिसात माझ्या हातून एक चूक झाली. ती मला या पत्त्यावरूनच नीट कळली.

वेबपेज म्हणजे डब्यात डबा. फॉर्ममध्ये कप्पा, कप्प्यात ओळ, ओळीत सूचना. कोणत्या डब्याला कोणता रंग, हे सीएसएसमध्ये सिलेक्टर सांगतो. डब्यांना गावांची नावं आहेत असं समजा. सिलेक्टर लिहितात मोठ्याकडून लहानाकडे : 'छिंदवाडा बोरगाव'. ब्राउझर मात्र तो शेवटून वाचतो, म्हणजे आपण पत्ता लिहितो त्याच क्रमाने. आधी पानावरची सगळी बोरगावं शोधतो, मग प्रत्येकाला विचारतो, तुझ्यावर कुठे छिंदवाडा आहे का?

मधे नुसती स्पेस असेल तर कितीही पायऱ्या चालतात. 'मध्यप्रदेश बोरगाव' लिहा, जिल्हा कोणताही असो, आमचं गाव सापडेल. पण राज्यातलं दुसरं बोरगावही सोबत येईल! म्हणून '>' हे चिन्ह आहे. 1998 च्या सीएसएस 2 मध्ये ते आलं. अर्थ असा की डबा थेट वरचाच हवा, मधे कोणी नको.

मी तेच वापरलं होतं. फॉर्मच्या थेट आतल्या सूचनेला लाल रंग. सहकाऱ्याने मांडणीसाठी मधे एक डिव्ह घातला आणि सूचना काळी होऊन बाकीच्या मजकुरात मिसळली. सीएसएस तक्रार करत नाही, जुळलं नाही तर गप्प बसतं. लोक रकाना रिकामा ठेवून पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले. आम्हाला कळलं दोन दिवसांनी.

आता मी सूचनेलाच क्लास देतो, पिनकोडसारखा. एका पिनकोडात अनेक गावं असतात, तसा एक क्लास अनेक डब्यांना चालतो; वरचा जिल्हा बदलला तरी तो हलत नाही. 2023 पासून मुख्य ब्राउझरांत सीएसएसचे नियमही एकात एक लिहिता येतात. सोय चांगली आहे, पण चार पातळ्या आत गेलात की पुन्हा तोच लांबलचक पत्ता. मी दोनच्या पुढे जात नाही.

बाबा अजून जिल्हा छिंदवाडाच लिहितात. पार्सल येतं. पोस्टमन ओळखीचा आहे.