बांधावरची झोळी कायद्याला का दिसत नाही?

ऊसतोडीच्या हंगामात नारायणगावहून मंचरकडे गेलात तर एखाद्या फडाशी गाडी थांबवून बघा. बांधावर किंवा बैलगाडीखाली झोळी बांधलेली असते, झोळीत तान्हं मूल आणि राखणीला त्याची पाच-सहा वर्षांची बहीण. जुन्नर, आंबेगावच्या या उसातच बिबटे राहतात, वाढतात. त्यामुळे मुलांसाठी बंदिस्त, सुरक्षित जागा असणं हा इथे जिवाचा प्रश्न आहे.

मग पाळणाघराचा कायदाच नाही का? आहे की! कारखाने कायद्याने 30 पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि 50 किंवा त्याहून जास्त कर्मचाऱ्यांची अट आली. दोन्हींत प्रश्न एकच: एका मालकाकडे माणसं किती?

आता फडातली मोजणी बघा. मुकादम 'कोयते' मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर. हिशोबात बाई वेगळी दिसतच नाही. टोमॅटो तोडणाऱ्या टोळीचं तर शेतच रोज बदलतं. आज एका मालकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. 50 चा आकडा भरणार कसा? परवाना, तपासणी, किती मुलांमागे किती सेविका, हे सगळे नियम पाळणाघर उभं राहिल्यानंतरचे.

"अंगणवाडी आहे ना," असं तुम्ही म्हणाल. 1975 साली सुरू झालेल्या या योजनेत पूर्वशिक्षण 3 ते 6 वर्षांच्या मुलांना मिळतं, तेही काही तासच. त्याहून लहानांना आहार घरी नेण्यासाठी दिला जातो. टोळी मात्र पहाटेच निघते.

गंमत म्हणजे वेगळी मोजणी आपल्याच देशात लिहिली गेली आहे. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली, तर एका बाईला मुलं सांभाळायचं काम द्यायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. इथे मालक कोण, हजेरीपटावर किती जण, याच्याआधी मुलं मोजली.

2022 पासून 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं. तुमच्या गावात असं केंद्र मागायचं ठरलं, तर ग्रामसभेत आधी एकच आकडा मांडा: हंगामात आपल्या शिवारात झोळ्या किती असतात?