इंजिन बदलले, पण ब्रेकचे काय?

जुन्या पेट्रोल गाडीत नवे डिझेल इंजिन बसवायचे झाले, तर अवघड काय वाटेल? जागेचे माप, बोल्टांची भोके, गिअरपेटीशी मेळ! हे अवघड आहेच. पण जिवावर बेतणारी चूक भलत्याच ठिकाणी होऊ शकते. ते ठिकाण म्हणजे ब्रेक.

१९८९ साली अमेरिकेत डॉज कंपनीचा पिकअप ट्रक कमिन्सच्या ५.९ लिटर, सहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनासह मिळू लागला. मिनिटाला अवघ्या २,५०० फेऱ्यांवर ते १६० अश्वशक्ती देई. पुढे मोडीत निघालेल्या ट्रकमधून ही इंजिने काढून हौशी लोक ती जुन्या पेट्रोल पिकअपमध्ये बसवू लागले.

आता जुने इंजिन काय करीत होते ते पाहा. पेट्रोल इंजिनात हवा जाण्याच्या वाटेवर एक झडप असते. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ती जवळजवळ मिटते. दट्टे मात्र हवा ओढतच राहतात. त्यामुळे झडपेपलीकडची हवा विरळ होते. ही विरळ हवा एका नळीने ब्रेकच्या पेडलाजवळील एका डब्याशी जोडलेली असते. डब्यात मधोमध रबरी पडदा असतो. पेडल दाबले की पडद्याच्या एका बाजूस बाहेरची हवा शिरते आणि ती पडद्याला ढकलते.

किती जोराने? गणित करू. पडद्याचा व्यास २५ सेंटिमीटर धरा. क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर. दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोग्रॅम धरला, तर एकूण जोर सुमारे २४५ किलोग्रॅम वजनाइतका! तुमच्या पायाला वातावरणाचीच ही केवढी मदत!

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे सतराव्या हिश्शाएवढ्या जागेत कोंबली की अतिशय तापते, आणि तीत उडवलेला डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. या इंजिनाचा जोर इंधन कमीजास्त करून राखतात. हवेची वाट मोकळीच असते. मग विरळ हवा येणार कोठून? म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर ब्रेकचा मदतनीसही गेला! त्यातून हे नवे इंजिन सुमारे ५०० किलोग्रॅमचे. नुसती नळी जोडून अशी गाडी उतारावर नेली, तर पेडल दगडासारखे लागेल आणि गाडी वेळेवर थांबणार नाही.

म्हणून जाणता मिस्त्री इंजिनावर चालणारा निर्वात पंप बसवतो, किंवा स्टिअरिंगच्या पंपातील तेलाच्या दाबाची मदत ब्रेकला देतो. जड इंजिनासाठी पुढच्या स्प्रिंगाही बदलतो.

तुमच्या गावातील गॅरेजमध्ये डिझेल जीप आली, तर तिचा निर्वात पंप कोठे आहे ते मिस्त्रींना विचारा. काही गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो. यंत्रातला एक भाग काढताना तो आणखी कोणाकोणाचे काम करीत होता, हे आधी पाहावे लागते, हे तेथे प्रत्यक्षच दिसेल.