करूरची वाळू

पॅट्रिक ब्रून यांनी सिद्ध केलेला, कॉन्स्टंटाइनकालीन रोमन नाण्यांचा बृहद्ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला, त्यास यंदा साठ वर्षे पुरी होत आहेत. आणि नेमक्या याच वर्षी एका विक्रेत्याच्या सूचीत, त्या ग्रंथातील 'आर-५' या संज्ञेचा हवाला देऊन, एक झिजलेले कांस्यनाणे 'अतिदुर्मिळ' म्हणून भरभक्कम किमतीस मांडलेले, परंतु ते कोठे सापडले याचा अवाक्षरानेही उल्लेख नसलेले पाहून मन विषण्ण झाले.

ग्रंथ हाती आल्यावरची माझी पहिली वर्षे पाने चाळण्यातच गेली. त्यांविषयी लिहिण्याजोगे काही नाही. स्मरणात आहे ते १९८५ ते १९९५ हे दशक, बँकेच्या नोकरीनिमित्त करूर मुक्कामी गेलेले. अमरावती नदीच्या पात्रातील वाळू चाळून धातूचे कण वेचणारी माणसे तेथे होती, आणि त्यांच्या चाळणीत येणारी नखाएवढी नाणी भांड्यांच्या दुकानी वजनावर जात. सम्राटाचे नाव बहुधा पुसलेले असे. म्हणून पाठीमागील चित्रावरून निर्णय करावा लागे. खांद्यावर विजयचिन्ह घेऊन बंदिवानास फरफटत नेणारी विजयदेवता दिसली, की ते 'सालुस रेइपुब्लिके', म्हणजे ३८८ च्या पुढचे. तीन सम्राट उभे आणि मधला लहानखुरा, तर तो बालवयातील दुसरा थिओडोसियस, आणि काळ ४०६ च्या सुमाराचा. तळच्या रेषेखाली टाकसाळीचे नाव संक्षेपाने असे, 'अँट' म्हणजे अंतिओक, 'अ‍ॅले' म्हणजे अलेक्झांड्रिया. आणि त्यालगतचे ग्रीक अक्षर नाणे पाडणाऱ्या शाखेची खूण.

याच अक्षराने पुष्कळ घोटाळा केला आहे. ब्रून यांची दुर्मिळता मोठ्या संग्रहांतील नमुने मोजून ठरलेली. आर-५ म्हणजे त्या पाहणीत आढळलेला एकमेव नमुना. परंतु संग्रहालये एकाच छापाचे शंभर नमुने सांभाळीत नाहीत, सबब जमिनीत मुबलक असलेले नाणे दप्तरी एकाकी राहते, आणि डेल्टाचे नाणे मामुली तर एप्सिलॉनचे अमोल ठरते, जरी दोन्हींचा छाप, धातू आणि टाकसाळ एकच असली तरी.

करूरला आलेल्या एका विद्वान गृहस्थांनी माझा या नाण्यांचा डबा उघडून, हा सारा मातीमोल कचरा आहे, असा शेरा मारला होता. अंतिओकचे नाणे समुद्र ओलांडून कावेरीच्या या उपनदीत कसे आले, हा प्रश्न त्यांना शिवलाही नाही, याचे मला आजही दुःख होते. १९९४ साली आर. कृष्णमूर्ती यांनी करूर आणि मदुराई येथील याच नाण्यांवर स्वतंत्र पुस्तक काढले, तेव्हा मला फार समाधान वाटले.

पण त्याच सुमारास, बाल्कन देशांतील राजवटी कोसळल्यानंतर, तिकडची न स्वच्छ केलेली नाणी राशींनी जगाच्या बाजारात आली, आणि पुढे आपल्याकडचे व्यापारीही करूरच्या नाण्यास चिंचेने घासून, त्याचा हिरवा थर उतरवून, परदेशी ढिगात मिसळू लागले. एकदा मिसळलेले नाणे वाळूत सापडले की डॅन्यूबकाठी, हे कोणीही सांगू शकत नाही.

माझ्या वहीत प्रत्येक नाण्यापुढे दिवस, नदीचे वळण आणि चाळणाऱ्याचे नाव लिहिलेले आहे. त्या विक्रेत्यास मी पत्र पाठवून केवळ प्राप्तिस्थान विचारले. उत्तरी सवलतीचा दर कळविला गेला.